इनास मेस्त्री आणि गोडं पाणी

आजवर माझं वजन दोनच माणसांनी मनापासून केलं. एक आमच्या दवाखान्यातली नर्स आणि दुसरा इनास मेस्त्री. नर्सनं आकडा सांगून गोळ्या दिल्या. इनासनं आकडा खडूनं फळीवर लिहिला, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, चपल्यो काढून परत चढा." चपला काढल्यावर मी थोडा कमी भरलो. मग कुठे त्यानं मला होडीवर पाऊल टाकू दिलं.

होडी तेव्हा पाण्यात नव्हतीच. कर्लीच्या खाडीकाठी, माडांच्या आत, इनासच्या मांगरात, म्हणजे कौलारू शेडमध्ये, ती ठोकळ्यांवर उभी होती, अर्धीमुर्धी. मी चढल्यानं ती बुडणार होती असं नाही. पण इनासला सवयच तशी. वेंगुर्ल्याच्या एका बंद पडलेल्या काजूच्या कारखान्यातून आणलेला जुना वजनकाटा मांगराच्या दारातच ठेवलेला असे, आणि त्यावरून गेल्याशिवाय माणूस, फळी, स्क्रू, पंखा, काही म्हणता काही होडीवर चढत नसे. "दर्यात वजन म्हणजे पाप," तो म्हणायचा. "आमका किरिस्तांवांक कन्फेशन तरी आसा. होडयेक ताय नाय."

हा त्याचा आवडता सिद्धांत. तो इतक्या वेळा ऐकला की मला पाठ झाला होता. पुढे तो इतका खरा ठरेल असं मात्र वाटलं नव्हतं.

इनासचा बाप याच मांगरात मासेमारीच्या लाकडी होड्या बांधायचा. इनास चाळिशीत गोव्याला गेला आणि तिथल्या एका यार्डात बावीस वर्षं कॅटामरान बांधत राहिला. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि वर एकच मजला चढवायचा. त्यातही इनासच्या हातच्या होड्या वेगळ्या. गिऱ्हाइकाच्या मापानं एकेक बांधलेल्या, आत झोपायच्या खोल्या, चूल, मोरी, सगळा संसार, आणि तरी शिडावर अशा धावणाऱ्या की इंजिनवाल्यांनी तोंडात बोट घालावं. संसार घेऊन धावायचं तर हलकं असावं लागतं. म्हणून तो वजनकाटा.

आमच्या वाडीला हे प्रकरण पचायला वेळ लागला. नाक्यावर चर्चा व्हायची. "दोन बायलांचो घोव तो," कुणीतरी म्हणायचं. "एकीक वारो लागलो काय दुसरी रडतली." इनासच्या कानावर हे गेलं की तो हसायचा आणि म्हणायचा, "दोगी आसत म्हणान तर उलटणा नाय."

बावीस वर्षांत त्याच्या हातून कितीतरी होड्या पाण्यात गेल्या, पण एकीवरही तो बसून समुद्रात गेला नव्हता. गिऱ्हाईक यायचं, हार घालायचं, फोटो काढायचं आणि होडी घेऊन जायचं. मेस्त्री धक्क्यावर हात पुसत उभा. "लेकी लगीन करून दिल्यासारख्यो," तो म्हणाला होता मला एकदा. "पण लेक निदान नाताळाक तरी येता, मास्तर."

म्हणून कप्तानांनी आपली होडी बांधायला सांगितली तेव्हा इनासनं एकच अट घातली. कप्तान मूळचे आमच्याच बाजूचे, पण सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलेलं. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन समुद्रावरच राहायचं, हे त्यांचं खूळ. इनास म्हणाला, होडी मी माझ्या मांगरात बांधणार, यार्डात नाही. आणि पहिल्या फेरीला सुकाणू माझ्या हातात. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात खडकांवर जो दीपस्तंभ आहे त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. त्याचा बाप तरुणपणी नुसत्या शिडावर तसा वळसा घालून आला होता. घराण्यात ती एक मोठी गोष्ट होती. इनासला ती आपल्याही नावावर हवी होती, आणि वय तर साठीच्या पुढे गेलेलं. कप्तानांनी हसत हात पुढे केला.

मी या सगळ्यात कसा आलो, तर इंग्रजीमुळे. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. आता निवृत्त. सकाळी दोन तास पेपर वाचतो आणि संध्याकाळी भजनात पेटी वाजवतो, म्हणजे गावाच्या दृष्टीनं रिकामटेकडा. होडीचे नकाशे परदेशातल्या कुणा संकल्पकानं पाठवले होते आणि त्यांच्याबरोबर जाडजूड पुस्तक. नकाशे इनासला माझ्याहून चांगले कळत. पुस्तक मात्र कुणीतरी वाचून सांगायला हवं होतं. रोज चहानंतर मी दहा पानं मराठीत सांगायचो आणि इनास माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकायचा. मधेच हात वर करून म्हणायचा, "ह्यां तेणां चुकीचां लिवलानी." आणि कप्तान त्या संकल्पकाला पत्र पाठवून विचारत, तर खरंच तिथे चूक निघायची.

वजनाच्या बाबतीत तो कप्तानांनाही जुमानत नसे. पण वहिनींनी, म्हणजे कप्तानांच्या बायकोनं, त्याला जेरीला आणलं. त्यांचा पाटा-वरवंटा. माहेरून आणलेला, काळ्या दगडाचा. त्या म्हणाल्या, मी समुद्रावर राहीन, हलेन, डुलेन, उलट्या काढीन, पण मिक्सरमधलं वाटण खाणार नाही.

इनासनं पाटा काट्यावर ठेवला. आकडा बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"वैनीनू, नाकापरास मोती जड झालो ह्यो."

"मग नाक मोठं करा, मेस्त्री," वहिनी म्हणाल्या.

दोन दिवस इनास खडूनं फळीवर आकडे मांडत आणि पुसत राहिला. तिसऱ्या दिवशी तो होडीत शिरला आणि आतल्या कपाटांच्या फळ्या, खाटांच्या खालच्या पट्ट्या, दारं, जे जे भार पेलत नव्हतं त्या सगळ्याला गोल भोकं पाडत सुटला. पडलेल्या चकत्या एका पोत्यात. चार दिवसांनी पोतं काट्यावर ठेवलं, शेजारी पाटा ठेवला. पोतं मूठभर जास्त भरलं. "आता येवंदे पाटो," तो म्हणाला आणि पोतं उचलून फिलूबायला, त्याच्या बायकोला, चुलीसाठी दिलं. वहिनी त्या भोकांकडे बघून डोळे पुसत होत्या. आपल्या हट्टासाठी एवढं कुणी केलं नव्हतं, असं त्या मला म्हणाल्या.

असा माणूस. आता मी जे सांगणार आहे ते याच माणसाचं आहे, हे मला अजून नीट जुळवता येत नाही.

जूनमध्ये आम्ही पुस्तकातल्या त्या पानावर आलो. होडीची बाजू हलक्या फोमची, आणि तिच्यावर काचेच्या धाग्याचं कापड डिंकासारख्या रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवायचे. पानावर लिहिलं होतं, हवेत दमटपणा असेल तर वाळलेल्या रेझिनवर मेणासारखा एक पातळ पापुद्रा येतो, तो डोळ्यांना दिसतही नाही. प्रत्येक थरानंतर तो गोड्या पाण्यानं घासून धुवायचा. नाही धुतला तर वरचा थर खालच्याला धरत नाही. हे वाक्य ठळक अक्षरांत होतं. मी ते दोनदा वाचलं.

इनास म्हणाला, "पान परता."

"इनास, ह्यां महत्त्वाचां दिसता."

"माका म्हायत आसा. गोव्याक शेकडो वेळा धुतलंय. ती कंपनीची होडी होती. ही माज्या मांगरातली."

मग त्यानं मला घराण्याची रीत सांगितली. त्याच्या बापाची, आज्याची. या मांगरात बांधलेल्या होडीला पाद्र्याच्या आशीर्वादाच्या पाण्याआधी गोडं पाणी लागता कामा नये. "गोडां पाणी जमनीचां," तो म्हणाला. "ता आधी लागला तर होडी जमनीक वळाखता. मगे कितीय लोटा, ती परतान जमनीरच येता." पाऊस सुरू झाल्यावर त्यानं मांगराच्या कौलांखाली ताडपत्रीचे दोन पडदे ताणले होते, ते यासाठी. एकदा एक थेंब गळून डाव्या होडीवर पडला तर त्यानं तो आपल्या शर्टानं टिपला आणि तिथे तिसरा पडदा ताणला.

मी चेष्टेनं म्हटलं, "पाद्र्याचां पाणी तरी खंयचां? विहिरीचांच मा?"

"ता मंत्रलेलां," इनास म्हणाला. "ता खंयचांच नाय."

 प्रत्येक थरानंतर तो थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्यानं होडी पुसायचा, मग पॉलिशपेपरनं घासायचा, पुन्हा पुसायचा. यार्डातल्या बंद खोलीत, यंत्रानं सुकवलेल्या हवेत, कदाचित तेवढ्यावर भागलं असतं. इथे आषाढ-श्रावणात मांगरातल्या मिठाच्या बरणीत पाणी सुटत होतं. एकदा कप्तानांचा मुंबईहून फोन आला. त्यांनी थेट विचारलं, "मेस्त्री, थर धुताय ना?" फोन स्पीकरवर होता, पण आवाज खरखरत होता म्हणून मी प्रश्न पुन्हा सांगितला. इनासनं लगेच नजर फिरवली. "सगळां नीट चल्लाहा, कप्तान," तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचा आवाज उगाच मोठा होतो. मला वाटलं, एवढं मोठं काम करणारा माणूस, त्याला आपण चित्रकलेच्या मास्तरानं काय शिकवायचं.

आवाज मोठा होण्याचं आणखी एक कारण होतं, ते मला त्याच पावसात कळलं. वाचताना मी पान तोंडासमोर धरलं की इनास म्हणायचा, "पुस्तक जरा खाली घेवा." मला वाटायचं, उजेडासाठी असेल. एक दिवस मी मुद्दामच तोंडावर पान धरून शेजाऱ्याच्या गाईवर दोन वाक्यं बोललो. इनासनं गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाला, "बरोबर लिवलानी."

बावीस वर्षं ग्राइंडर कानाशी चाललेला. कान जवळजवळ गेले होते आणि तो माझे ओठ वाचत होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं. त्यानं माझा हात धरला. "मास्तर, कोणाक सांगू नकात."

घरी फिलूबायला हे ठाऊक होतं. कसं, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "भांडणा बंद झाली. आदी मी एक बोललंय काय तो दोन बोलायचो. आता मी कितीय बोललंय तरी हसता. मेल्याक ऐकाकच येणा नाय, नायतर हसतो कित्याक?" आणि तोंडाला पदर लावून ती हसली, मग रडली.

कान जाणं इनाससाठी साधी गोष्ट नव्हती. थर बरोबर चिकटले की नाहीत ते ओळखायची त्याची एकच रीत, कानाची. जुनं जाड नाणं घेऊन तो होडीच्या अंगावर वीत-वीत सोडून टकटक करत जायचा. थर घट्ट असेल तर टणक आवाज येतो. आत सुटलेला असेल तर बद्द. गोव्याच्या यार्डात मशिनं होती, तरी शेवटी इनासलाच बोलावत, असं तो सांगायचा, आणि मला ते खरं वाटतं. आता नाणं होतं, बोटं होती, कान नव्हता.

पाऊस संपल्यावर, रंग चढवायच्या आधी, त्यानं मला बोलावलं.

"तुमका पेटीचो सूर कळता. मी वाजयतंय, तुमी सांगा. बरो म्हणान, नायतर बद्द म्हणान."

मी आढेवेढे घेतले. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आमच्या भजनातही माझ्या कानाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. आम्ही सकाळी सुरू केलं. टक. बरो. टक. बरो. इनास नाणं मारायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. उजवी होडी झाली. जेवून डावी घेतली. उन्हं कलली तरी आम्ही वाजवत होतो. माझे कान इतके शिणले होते की बाहेरचा कावळासुद्धा टक करतोय असं वाटायला लागलं होतं.

डाव्या होडीच्या पुढच्या अंगाला, डोलकाठीच्या थोडं अलीकडे, आवाज बदलला. फार नाही. पेटीच्या भात्याला बारीक भोक पडलं की सूर जसा थोडा खाली बसतो, तेवढाच. इनास माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. मला वाटलं, आतल्या बाजूला आडवी फळी असेल, म्हणून असेल. मला वाटलं, आपण कोण मोठे लागून गेलो. मला वाटलं, आता घरी जावं.

"बरो," मी म्हणालो.

त्याचं नाणं तिथे क्षणभर थांबलं. मग पुढे गेलं. टक. बरो. टक. बरो.

नोव्हेंबरमध्ये होडी पाण्यात गेली. सगळी वाडी लोटली होती. पाद्री आले, त्यांनी प्रार्थना म्हणून दोन्ही होड्यांवर पाणी शिंपडलं. त्यामागोमाग वहिनींनी नारळ फोडला आणि हळद-कुंकू लावलं. इनासनं पाद्र्याचे थेंब जिथे पडले तिथे बोट फिरवलं आणि ते कपाळाला लावलं. होडी पाण्यावर बसली तेव्हा आखलेली रेषा पाण्याच्या बरोब्बर दोन बोटं वर. म्हणजे नकाशापेक्षाही हलकी. कप्तानांनी इनासला मिठी मारली. नाक्यावरचे तेच लोक आता टाळ्या वाजवत होते.

चार दिवसांनी आम्ही निघालो. कप्तान, वहिनी, इनास आणि मी. मी का, तर इनास म्हणाला, वाऱ्यात कप्तान काय ओरडतात ते मला कळायचं नाही, मास्तर मला सांगतील. म्हणजे आता दुभाष्याची नोकरी समुद्रावरही. खाडीच्या तोंडावरून बाहेर पडलो तेव्हा सकाळची मतलई, जमिनीवरून येणारा वारा, हळूच पाठ थोपटल्यासारखी येत होती. शीड वर गेलं. इनास अनवाणी, सुकाणू हातात धरून उभा.

नंतर वारा वाढला आणि ती होडी धावू लागली. मला समुद्राचं फारसं कळत नाही. उलटी न होता परत यावं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पण तेव्हा मी सगळं विसरलो. ती पाणी कापत नव्हती, पाण्यावरून निसटत होती. आतल्या चुलीवर चहा उकळत होता आणि भांडं हलत नव्हतं. पाट्यावर वहिनींनी खरंच चटणी वाटली.  त्याला वारा ऐकू येत नव्हता, पाणी ऐकू येत नव्हतं, पण त्याचा चेहरा बघून मला मत्सर वाटला. एवढं सुख मला आयुष्यात कशानं झालं असेल, ते मी आठवू लागलो आणि आठवेना.

दुपारी वारा फिरला. समुद्रावरून येऊ लागला आणि लाटा उभ्या राहिल्या. पुढे क्षितिजावर वेंगुर्ल्याचे खडक आणि त्यांच्यावरचा दीपस्तंभ, पांढऱ्या खडूच्या तुकड्यासारखा. होडीचं नाक लाटांवर आपटू लागलं. त्याच वेळी इनासनं खाली आपल्या पायांकडे बघितलं.

अनवाणी तळव्यांना काहीतरी कळत असावं, तसा बराच वेळ तो पायांकडेच बघत होता. मग सुकाणू कप्तानांच्या हातात देऊन तो डाव्या होडीत उतरला. मला त्यानं खुणेनं बोलावलं. डोलकाठीच्या थोडं अलीकडे त्यानं होडीच्या भिंतीवर तळवा टेकवला होता.

"हात ठेवा," तो म्हणाला.

मी ठेवला. भिंत आत-बाहेर होत होती. झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी, हळूहळू, प्रत्येक लाटेला.  मी ती जागा ओळखली होती.

इनास वर आला. "कप्तान, परता."

"मेस्त्री, दीपस्तंभ समोर दिसतोय," कप्तान म्हणाले. "अर्धा तास. तुमचाच हट्ट ना?"

मी कप्तानांचं बोलणं इनाससमोर ओठ हलवून पुन्हा सांगितलं. त्यानं दीपस्तंभाकडे बघितलंसुद्धा नाही.

"परता. थर सुटलेहत. मी ती पाण्यान धुवक नाय. तुमी इचारल्यात तेवा खोटां बोल्लंय."

 कप्तानांनी त्याच्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि शीड अर्ध्यावर घेऊन होडी वळवली. परतीची वाट लांब होती. माझ्याजवळ बोलण्यासारखं होतं. इनासनं आपलं सांगून टाकलं होतं, आता माझी पाळी होती. मी समुद्राकडे बघत बसलो. मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. सगळा दोष एकट्यानं उचलणारा माणूस समोर उभा असताना आपला वाटा मागायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती.

गोव्याहून एक तपासनीस आला. त्याच्याकडे लहानशी हातोडी आणि खडू. बद्द आवाज आला की तो तिथे गोल काढायचा. दुपारपर्यंत डावी होडी गोलांनी भरून गेली, मग उजवी. शेवटी खडू संपला. इनास बाजूला उभा राहून ती हातोडी बघत होता. तपासनीस कप्तानांना म्हणाला, दोन्ही होड्यांची सगळी कातडी सोलावी लागेल, आणि सोलल्यावर खाली काय शिल्लक राहील ते सांगता येत नाही. यापेक्षा नवी बांधलेली बरी.

कप्तान रागावले असते तर बरं झालं असतं. ते इनासच्या समोर जाऊन उभे राहिले. त्याच्या कानांचं त्यांना त्या फेरीत कळलं होतं. ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाले, "मेस्त्री, दुसरी बांधण्याइतकी वर्षं माझ्याकडे नाहीत." मग ते लेकीकडे पुण्याला गेले. वहिनींनी जाताना पाटा उचलून नेला. एवढीच वस्तू त्यांनी होडीवरून काढली.

होडी मांगराबाहेर, माडांमध्ये, ठोकळ्यांवर आहे. शिमगा आला, गेला. इनासकडे दुसरं काम आलं नाही. आलं असतं तरी त्यानं घेतलं नसतं. मी पाच महिने त्याच्याकडे फिरकलो नाही. वाटेत फिलूबाय भेटायची. "मेस्त्री इचारता तुमका," म्हणायची. मी गुडघ्यांचं कारण सांगायचो. गुडघे बिचारे ठणठणीत होते.

मे महिन्यात एकदा तीच घरी आली. "येवा एकदा," म्हणाली. "विहीर तळाक लागली. सगळां पाणी तेणांच सरवल्यान."

मी गेलो. भर उन्हात इनास होडी धूत होता. एका बाजूला बादल्यांची रांग, हातात नारळाची सोडणं. बादली ओतायची, सोडणानं गोल गोल घासायचं, पुन्हा ओतायची. खडूचे गोल कधीच गेले होते. रंगही जागोजागी उडाला होता. त्या पुस्तकात लिहिलं होतं तसं, अगदी तसं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. खालची जमीन ओली होऊन काळी पडली होती.

मला बघून तो हसला. तेच सगळं न ऐकणारं हसू.

"आता जमनीचीच झाली," तो म्हणाला. "मगे गोडां पाणी लावक काय हरकत?"

 त्यानं खिशातून नाणं काढलं आणि डाव्या होडीच्या पुढच्या अंगाला, डोलकाठीच्या थोडं अलीकडे, एकदाच मारलं. आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कसो?"

पाच महिने मी दुसरं कसलं उत्तर जुळवत होतो? "बद्द," मी म्हणालो. त्याला दिसावं म्हणून तोंड उघडून, नीट म्हणालो.

"त्या दिसाय असोच इल्लो मा?"

"होय."

त्यानं मान हलवली. नाणं पुसून खिशात ठेवलं.

"माका बोटाक कळलां होतां, मास्तर. पण तुमी बरो म्हटलास. नि माकाय बरोच व्हयो होतो."

मी तिथेच उभा राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं, तोपर्यंत तो वळून बादली उचलत होता. त्याला माझे ओठ आता दिसणार नव्हते.

"जरा बाजूक व्हा," तो पाठमोराच म्हणाला. "भिजशात."